'वर्षाला पाच लाख' देणारा कायदा झालेलाच नाही

'खोट्या केसमधून निर्दोष सुटलात? तुरुंगातल्या प्रत्येक वर्षामागे सरकार पाच लाख देतं. कायदा आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे साधा अर्ज करा. वकील नको, मुदत नाही.' हा मजकूर हेरगिरीच्या खोट्या केसमध्ये अडकवले गेलेले इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांच्या फोटोसह व्हॉट्सॲपवर फिरतोय. मी फोर्टमध्ये एका वकिलांकडे कागदपत्रांचं काम करतो. धारावीचे एक काका याची छापील प्रत घेऊन आमच्याकडे आले, म्हणून हे लिहितोय.

'कायदा आहे.' नाही. असा कायदा करा, विशेष न्यायालयं नेमा, असं विधी आयोगाने 2018 साली 277व्या अहवालात सुचवलं. तो अहवाल तसाच पडून आहे. जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 399 खाली विनाकारण अटक करायला लावणाऱ्याकडून भरपाई मिळू शकते, पण जास्तीत जास्त एक हजार रुपये.

'वर्षामागे पाच लाख.' आकडा कुठून आला असेल याचा अंदाज येतो. महाराष्ट्रातल्या भटक्या समाजातल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये फाशी सुनावली आणि 2019 मध्ये त्याच न्यायालयाने निर्दोष ठरवलं. राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख द्यावेत, असा आदेशही दिला. पण ते एकूण पाच लाख, सोळा वर्षांच्या तुरुंगवासाचे. महिन्याला साधारण 2,600 रुपये पडतात. मुंबईत तेवढ्यात खोलीचं भाडं भागत नाही.

तेवढंही सगळ्यांना मिळत नाही. गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याच्या खटल्यातून 2014 मध्ये सुटलेल्यांनी भरपाई मागितली, तेव्हा 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातक पायंडा पडेल म्हणून नकार दिला. मला ते कारण आजही पटत नाही. पायंड्याची काळजी वाहिली गेली, आणि त्या माणसांची वर्षं गेली ती गेलीच. नारायणन यांना 50 लाख मिळाले हे खरं. पण त्यांना शिक्षा झालीच नव्हती. 1994 ची अटक, 1996 मध्ये सीबीआयने केस खोटी ठरवली, आणि भरपाईचा आदेश आला 2018 मध्ये.

सगळ्यात घातक वाक्य 'मुदत नाही' हे. द्वेषापोटी खटला भरला म्हणून दिवाणी दावा लावायचा, तर निर्दोष सुटल्यापासून एका वर्षाच्या आत लावावा लागतो. त्यात सरकारवर दावा असेल तर आधी दोन महिन्यांची नोटीस. नुसतं सुटून चालत नाही. खटल्याला सबळ कारण नव्हतं आणि मनात आकस होता, हे आपणच सिद्ध करायचं असतं. काका आले तेव्हा त्यांना सुटून चौदा महिने झाले होते. मधले महिने त्यांनी या मजकुरावर विसंबून अर्ज घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवण्यात घालवले.

दुसरी वाट उच्च न्यायालयाची. मूलभूत हक्क मोडले म्हणून राज्यघटनेच्या कलम 226 खाली तिथे रिट याचिका करता येते. तिथे वर्षाची मुदत नाही, पण उशीर का झाला हे विचारतातच. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. सुटल्याबरोबर निकालाची प्रमाणित प्रत काढा, किती दिवस आत होतात त्याचा तुरुंगाचा दाखला घ्या.

काकांची याचिका आता लिहून होतेय. उशिराच्या कारणाखाली जोडायला त्यांनी तीच छापील प्रत दिली आहे.