तारा 'अगदी सारख्या' म्हणजे किती?

पियानो लावण्यावरच्या लेखात म्हटलंय, एका सुराच्या तिन्ही तारा ट्यूनिंग ॲपवर सारख्या दिसल्या की काम झालं. नाही हो. ४४० हर्ट्झला १ सेंटचा (अर्ध्या सुराच्या शंभराव्या भागाचा) फरक म्हणजे साधारण ४ सेकंदांत एक लहर, आवाजाचा एक चढउतार. ती कानाला जाणवतही नाही, पण सुराची शेपटी, म्हणजे त्याचं विरत जाणं, बदलते. तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजमुळे (घोडीमुळे) एकमेकींशी बांधलेल्या असतात. तंतोतंत जुळल्या तर तिन्ही मिळून ब्रिज एकाच वेळी ढकलतात, ऊर्जा साउंडबोर्डात (आवाज घुमवणाऱ्या लाकडी फळीत) भराभर जाते. सूर ठसठशीत पण आखूड. किंचित फरक ठेवला की तो रेंगाळतो. भौतिकशास्त्रज्ञ गॅब्रिएल वाइनराइख यांनी १९७७ साली हे गणिताने मांडलं.

बाजूच्या दोन्ही तारा फेल्टने दाबून आधी मधली लावा, मग एकेक मोकळी करा. तार ताणणारी खुंटी जरा वर चढवून किंचित खाली सोडा आणि पट्टी जोरात वाजवा, नाहीतर खुंटीतला पीळ नंतर सुटतो. एकटी तारच लहरत असेल तर बहुधा ब्रिजची पिन सैल; तिथे खुंटीची चावी कितीही फिरवा, व्यर्थ.

आणि सोलापूरच्या मेमधल्या कोरड्या उन्हात लावलेला पियानो पावसाळ्याच्या दमट हवेत मधल्या सप्तकांत सुराला चढणारच. शेजारी पाण्याचा कूलर असेल तर त्याआधीच!