दोन ग्रॅमची अब्रू

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोनं मोडायला आलेल्या माणसाकडं लोक कीव करून बघतात हे माहीत होतं, पण जो सोनं मोडायला आलेलाच नाही त्याच्याकडं त्याहून जास्त कीव करून बघतात हे मला शनिवारी कळलं. अजून डोक्यातनं जाईना, म्हणून लिहितोय.

झालं असं की रेकॉर्ड प्लेयरचा टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, बदलला. जुन्याचं बेअरिंग खुळखुळत होतं, ओळखीतून रेगा कंपनीचा एक सेकंडहँड आरबी-250 मिळाला, डोक्यापास्नं नळीपर्यंत सगळा एका ओतातला, उगंच हातात घेऊन बसावं अशी वस्तू. प्लिंथला, म्हणजे प्लेयरच्या बैठकीला, भोक पाडायला सुतार बोलावला. स्पिंडलच्या, म्हणजे रेकॉर्ड बसते त्या खुंटीच्या, मध्यापास्नं आर्मच्या मध्यापर्यंत बरोबर 222 मिलिमीटर, तर म्हणतो "सव्वादोनशे धरूया की, कोण मोजालंय." मी मोजालोय ना! त्याच्या डोक्यावर उभा राहून पाडून घेतलं. मग ऑर्टोफॉन कंपनीचं टूएम रेड कार्ट्रिज, म्हणजे सुई असलेली छोटी डबी, बसवलं, वायरी जोडल्या, पांढरी-निळी डाव्या चॅनलची, लाल-हिरवी उजव्या, श्वास रोखून चिमट्यानं. इथवर ठीक.

अडलं कुठं, तर ह्या आर्मच्या मागच्या वजनावर आकडेच नसतात. नुसता गुळगुळीत गोळा, तो पुढंमागं सरकवायचा आणि सुई किती दाबते ते वेगळ्या काट्यावर मोजायचं. ह्या कार्ट्रिजला 1.8 ग्रॅम लागतं. लोकांना वाटतं हलकं ठेवलं की रेकॉर्ड वाचते, पण उलटं आहे, हलकी सुई खाचेत नाचते आणि खाच खरवडून काढते. म्हणून ऑनलाइन एक चिमुकला डिजिटल काटा मागवला. तो एकाच सुईला एकदा 1.8 म्हणतो, एकदा 2.3 म्हणतो, आणि काटा तपासायला सोबत जे वजन यायला पाहिजे ते पॅकेटात नाहीच. कस्टमर केअरच्या बाई म्हणाल्या, पॅकेट उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. काटा उघडतानाचा व्हिडिओ कोण काढतं हो? बारसं होतं का त्याचं?

आता कोल्हापुरात खरे दोन ग्रॅम कुठं मिळणार? गुजरीत. खिशात काटा टाकला, जाताजाता जुनं कार्ट्रिजपण टाकलं, म्हटलं सराफाकडं भिंग असतंय, सुईचा हिरा कितपत झिजलाय तेवढं बघून घेऊ. महाद्वार रोडला गाडी लावायला जागा मिळेपर्यंत अंबाबाईचं दर्शन घेऊन लोक घरी जाऊन जेवलेसुद्धा असतील, ते जाऊ दे.

पेढीत शिरलो आणि समोर आमच्या गल्लीतल्या मावशी. साजाचं एक पान निसटलेलं ते जोडून घ्यायला आलेल्या, आणि काम झालेलं असूनही पंख्याखाली बसलेल्या.

"काय रं, हिकडं कुटं?"

"काही नाही मावशी, जरा वजन करायचं होतं."

"कशाचं?"

"दोन ग्रॅमचं."

मावशींनी आवाज खाली आणला. मावशींनी आवाज खाली आणला की तो बाहेर चप्पल काढत असलेल्या गिऱ्हाइकापर्यंत जातो. "सूनबाईला सांगिटलाईस काय?"

मी म्हटलं अहो तसलं काही नाही, आणि खिशातनं काटा काढून काउंटरवर ठेवला. ही खरी आफत. सराफाच्या पेढीत स्वतःचा काटा काढून ठेवणं म्हणजे काय असतं ह्याचा मी विचारच केला नव्हता, कुणी करतंय का? शेजारी एक जोडपं अंगठी बघत होतं, त्यातल्या नवऱ्यानं अंगठी खाली ठेवली आणि माझ्या काट्याकडं बघून मग सराफाच्या काट्याकडं बघितलं.

"पावणं," सराफकाका म्हणाले, "आमच्या काट्यावर वजनमापवाल्यांचा शिक्का हाय. ह्या वर्षीचा."

"तुमच्या काट्यावर शंका नाही काका, माझ्याच काट्यावर आहे. तुमचं दोन ग्रॅमचं वजन ह्याच्यावर ठेवून बघायचंय फक्त."

"मोड न्हाई?"

"नाही."

"घ्यायचं काय हाय?"

"काहीच नाही."

"मग काटा कशाला पायजे?"

सुई मोजायला, असं म्हणालो. खोटं का बोला. पेढीत जरा शांतता झाली. काका भला माणूस, त्यांनी मखमलीच्या डबीतनं चिमट्यानं वजन उचललं, आधी आपल्या काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवलं, 2.000, जोडप्याला दिसेल असं. मग माझ्यावर. 2.2. परत ठेवलं, परत 2.2, तिथं मात्र शहाण्यासारखा प्रत्येक वेळी तोच आकडा. "तुमचा काटा भामटा हाय," काका म्हणाले. जोडप्यानं अंगठी परत उचलली.

इथं निघायला पाहिजे होतं मी. पण जुनं कार्ट्रिज पण दाखवलं आणि म्हटलं, ह्यातला हिरा झिजलाय का बघता काय. हिरा म्हटल्यावर मावशी खुर्चीतनं उठल्या.

"हिरा झिजतोय व्हय?" काका.

"झिजतो की."

"कशावर घासून?"

"प्लॅस्टिकवर," मी म्हणालो, आणि सगळी पेढी हसली. आतला कारागीरसुद्धा. आता ह्यांना कोण सांगणार की एलपीच्या एका बाजूला सुई चारेकशे मीटर खाच तुडवते, टोक इतकं बारीक की पावणेदोन ग्रॅमचा दाबसुद्धा भयंकर होतो, आणि पाचशे-हजार तासांत हिऱ्याच्या दोन्ही अंगाला चपटे डाग पडतात. मी सांगायला सुरुवात केली होती. काकांनी तोवर भिंग सोडून खडे बघायचा मायक्रोस्कोप घेतला, डोळा लावला आणि निकाल दिला, "बूड धातूचं हाय. टोकाला तेवढा चिटकिवलाय."

मला माहीत होतं हो! स्वस्त सुईत तसंच असतं, धातूच्या दांडीवर हिऱ्याचं टोक, सगळी दांडी हिऱ्याची असते ती महागाच्या सुईत. पण हे मायक्रोस्कोपशिवाय माहीत असणं वेगळं आणि मावशींसमोर जाहीर होणं वेगळं. "फसवलं रं पोराला," मावशी जोडप्यातल्या बाईला म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "कितीला पडला?"

कितीला पडला. माणूस बुलेटवर लाखाचं सायलेन्सर-मडगार्ड करून घेतो, त्याला 'नाद खुळा' म्हणतात. कुस्तीला, म्हशीला, फ्लेक्सला पैसे घाला, कोण विचारत नाही. गाणं नीट ऐकू यावं म्हणून चार पैसे खर्चले की गावाला हिशेब पाहिजे. वर तो अंगठीवाला नवरा म्हणतो, "मोबाईलवर सगळी गाणी फुकट हायत की." फुकट हायत बाबा. ज्या गवई अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी ह्या गावात दरबारी ठेवलं, त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर, त्यांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानातनं अंतराळात गेली, तांब्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर. आणि नासानं तबकडीसोबत कार्ट्रिज आणि सुई पण ठेवली, वाजवायचं कसं त्याची आकृती वर कोरली. म्हणजे जो प्राणी अजून सापडलेलाच नाही त्याची कार्ट्रिजची सोय झाली, आणि मी खाँसाहेबांच्या गावात राहून दोन ग्रॅमसाठी पेढीत उभा. हे तिथं सुचलं नाही ही खरी जळजळ आहे.

काकांनी पैसे घेतले नाहीत. तेपण कीव म्हणूनच.

रात्री तो 0.2 चा फरक धरून 1.8 लावलं. शेवटच्या गाण्यांना, आतल्या खाचांत, प्रत्येक 'स' फाटायचा तो बंद झाला, तानपुरा मागं स्वच्छ उभा राहिला, आणि दुसरी बाजू लावणार तेवढ्यात इचलकरंजीहून मेहुण्याचा फोन. मावशी टू बायकोची मामी टू सासरे, हा प्रवास तोवर झालेला होता.

"दाजी, बाबा विचारत होते, काय अडचण असली तर मोकळेपणानं सांगा."

मी सगळं पहिल्यापास्नं सांगितलं. आर्म, कार्ट्रिज, काटा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि किंमत विचारली. ती पण सांगितली, आर्म-कार्ट्रिज मिळून. पलीकडं बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज.

"दाजी," तो म्हणाला, "मी बाबांना गहाण टाकलं म्हणूनच सांगतो. वय झालंय त्यांचं."