मी सेटल आहे

आमच्याकडे मुलगा ‘सेटल झाला’ की पेढे वाटतात. मी २०२१ साली सेटल झालो, तेव्हा पेढे नाही, पण बायकोने शिरा केला होता.

झालं असं, की २०२०च्या लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली आणि क्रेडिट कार्ड राहिलं. किराणा कार्डावर, शाळेची फी कार्डावर, मोबाइलचं रिचार्जही कार्डावरच. साडेतीन टक्के व्याज म्हणजे फार नाही, असं मी घरात सांगत होतो. तो आकडा महिन्याचा असतो आणि वर्षाला बेचाळीस होतात, हे कळेपर्यंत बासष्ट हजारांचे एक्क्याण्णव झाले होते. मग वसुलीचे फोन. मग एके दिवशी एक मधाळ आवाज: “सर, पंचेचाळीस भरा, सेटल करून टाकू.” बायकोच्या भिशीचे पैसे घालून मी भरले. घरात शिऱ्याचा वास दरवळला.

सिबिल म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवून स्कोअर देणारी कंपनी. तिच्या भाषेत ‘सेटल’ म्हणजे ‘याने पूर्ण पैसे दिले नाहीत, आम्हीच कंटाळून सोडून दिलं’, हे मला चार वर्षांनी कळलं. तेही बँकेत नाही, कर्वेनगरात भाड्याचा फ्लॅट बघताना.

जुन्या घरमालकांचा मुलगा परदेशातून परत येणार होता, म्हणून आम्हाला घर सोडायचं होतं. ब्रोकर दादांनी एक टू बीएचके दाखवला. बाल्कनीसमोर आंब्याचं झाड, महानगरपालिकेचं पाणी, भाडं बावीस हजार. “फ्लॅट एक नंबर आहे साहेब. काका जरा कडक आहेत, बाकी काही नाही.” त्या ‘बाकी काही नाही’वर मी विश्वास ठेवला.

काका राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेले. व्हेज आहात का, कुत्रा आहे का, रात्री मिक्सर लावता का, या नेहमीच्या फेऱ्या आम्ही सहज जिंकल्या. मग त्यांनी चष्मा पुसला.

“सिबिल?”

स्वतःचा स्कोअर बघितला की तो कमी होतो, अशी समजूत मी बरीच वर्षं जपली होती. तसं काही नसतं. कर्ज मागितल्यावर बँक बघते तेव्हा थोडाफार फरक पडतो. आपण आपला कितीही वेळा बघावा, वर्षातून एकदा तर पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. पण न बघण्यासाठी मला शास्त्रीय कारण हवं होतं. शेवटी काकांसमोर बसूनच काढला. ६१२.

“नऊशेपैकी सहाशे बारा,” मी म्हणालो. “अडुसष्ट टक्के. आमच्या वेळी याला फर्स्ट क्लास म्हणायचे.”

“तीनशे जन्मतःच मिळतात,” काका म्हणाले. “सहाशेपैकी तीनशे बारा. बावन्न टक्के.”

रिपोर्टची प्रिंट त्यांनी स्वतःच्या प्रिंटरवर, पाठकोऱ्या कागदांवर काढली आणि ड्रॉवरमधून फूटपट्टी घेतली. महिन्यांच्या चौकोनांखालून ती पट्टी अशी सरकत होती, जणू खाली मी आडवा झोपलोय आणि डॉक्टर कुठे दुखतंय ते शोधताहेत. शून्य, शून्य, शून्य... मग ०३०, ०६०, ०९०. पट्टी थांबली.

“हे नव्वद काय?”

“थकलेले दिवस,” मी म्हणालो.

“दिवस आहेत ते मला माहीत आहे. नव्वद दिवस तुम्ही काय करत होतात?”

याला खरं उत्तर ‘फोन उचलत नव्हतो’ हे होतं. मी आंब्याच्या झाडाकडे बघितलं.

“ही नोंद निदान सात वर्षं जात नाही,” काका म्हणाले.

“त्यापेक्षा साडेसाती बरी,” बायको पहिल्यांदाच बोलली. “शनिवारी तेल तरी घालता येतं.”

काका हसले नाहीत, पण त्यांनी पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवली. तोडगा निघाला: सहा महिन्यांचं डिपॉझिट, नाहीतर चांगला जामीनदार.

माझ्या माहितीत चांगला माणूस एकच, तो म्हणजे बाबा. कऱ्हाडला जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. उभ्या आयुष्यात कुणाचा पैसा घेतला नाही. घर बांधायला नऊ वर्षं लागली. एकेका खोलीचं प्लास्टर एकेका पगारवाढीची वाट बघत थांबायचं. असा माणूस म्हणजे नऊशेपैकी नऊशेच, या खात्रीने मी मोबाइलवर त्यांचा पॅन टाकला. उत्तर आलं, ‘एनएच’.

“हायवे?” बाबांनी विचारलं. कऱ्हाडच्या माणसाला दुसरं काय सुचणार?

“नो हिस्टरी. तुम्ही कधी कर्जच घेतलं नाही, म्हणून सिबिल तुम्हाला ओळखत नाही.”

बाबा काही बोलले नाहीत. दुपारच्या एसटीने परत गेले. मला वाटलं, दुखावले. पुढच्या रविवारी सकाळी काकांच्या दारात उभे, हातात कापडी पिशवी. पिशवीत आमच्या स्वयंपाकघरात फळीशेजारी टांगलेली ती तार. खाली लाकडी चकती, वर आकडा, मध्ये ओवलेल्या पावत्या: घरपट्टी १९८४पासून, वीज बोर्डाची बिलं महावितरण व्हायच्या आधीपासूनची, पाणीपट्टी, केरोसीनसुद्धा. प्रत्येक कागदाला मधोमध भोक आणि भोकाभोवती गंजाचं तांबूस वर्तुळ.

काकांनी फूटपट्टी काढली.

त्यानंतरचे दोन तास मी आणि ब्रोकर दादा, आमची तिथे काही गरज नव्हती. चहा दोनदा झाला. काका एकेक पावती तारेवरून वर सरकवायचे, तारीख वाचायचे, आणि बाबा त्या वर्षी काय झालं होतं ते सांगायचे. मध्येच काका जुन्या कारकुनाचं अक्षर बघून ‘वा’ म्हणाले. मला त्यांनी कधी ‘वा’ म्हटलं नव्हतं. शेवटी चष्मा काढून म्हणाले, “तीन महिन्यांचं डिपॉझिट चालेल. सही यांची.” मग थोडं थांबून, “फक्त त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची घरपट्टी दिसत नाही.”

बाबांचा चेहरा मी लहानपणापासून ओळखतो. तो तसा मी कधी बघितला नव्हता.

करार अकरा महिन्यांचा झाला. नोंदणी हवीच, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ आहे, हे काकांनी तोंडपाठ म्हणून दाखवलं. अंगठ्याचं मशीन घेऊन आलेल्या मुलाच्या यंत्राने माझा अंगठा सातव्या खेपेला ओळखला. यंत्राकडेही माझा रिपोर्ट गेला असावा.

आता मी सुधारतोय. त्या बँकेची उरलेली रक्कम भरून ‘नो ड्यूज’चं पत्र मिळवलं, त्यासाठी जितक्या मेल पाठवल्या तितक्या लग्नाआधी बायकोलाही पाठवल्या नव्हत्या. ‘सेटल’चं ‘क्लोज्ड’ झालं. पंचवीस हजारांची एफडी ठेवून तिच्यावर वीस हजार लिमिटचं कार्ड घेतलं. म्हणजे माझेच पैसे बँकेकडे गहाण, तेच मी बँकेकडून उसने घेतो आणि वेळेत परत करतो म्हणून बँक मला शहाणा म्हणते. लिमिटच्या तीस टक्क्यांवर जायचं नाही, असं सगळे सांगतात. त्यामुळे खर्च अठ्ठावन्नशे झाला की बायको माझ्या खिशातून कार्ड काढून तांदळाच्या डब्यात ठेवते.

भाडं मी एक तारखेला देतो. सिबिल भाडं मोजत नाही. काका मोजतात. २०२५पासून बँका कर्जाची माहिती सिबिलला दर पंधरा दिवसांनी पाठवू लागल्या, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं, जिन्यात भेटले की शुगर विचारावी तसं विचारतात, “किती?” “सहाशे एक्केचाळीस.” “हं. गोड कमी करा.” म्हणजे ऑनलाइन खरेदी.

परवा रात्री अकरा वाजता बाबांचा फोन आला.

“सापडली.”

“काय?”

“त्र्याण्णव-चौऱ्याण्णव. तुझ्या चौथीच्या प्रगतिपुस्तकात होती.”

“मग काकांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो ना.”

“नको,” बाबा घाईने म्हणाले. मग आवाज खाली गेला. “तिच्यावर दंड आहे. उशीर झाला होता त्या वर्षी. सव्वा अकरा रुपये.”

बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.

“आईला माहीत नाही,” ते म्हणाले.