रंग कुठलाही चालेल

"कुठल्या बोटाला लावायचीय, काका?" असं त्या मुलीनं विचारलं आणि मी उत्तराची जुळवाजुळव करेपर्यंत माझा डावा अंगठा तिच्या हातात गेलाही होता. 'काका' म्हटल्याचा राग नाही. डोक्याकडे बघून दुसरं काही म्हणता येण्यासारखं राहिलेलं नाही. राग आहे तो पुढे जे झालं त्याचा, आणि तो अजून पुरता उतरलेला नाही.

ठिकाण पुण्याची रविवार पेठ. सौंदर्यप्रसाधनांचं ठोक दुकान, वेळ ऐन लग्नसराईची. मला हवी होती एक मिलिमीटर रुंदीची चिकटपट्टी. नखांवर नक्षी काढणाऱ्या मुली ती वापरतात. मला ती रेल्वेच्या डब्यासाठी हवी होती. डबा खरा नव्हे, त्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचा. छोट्या रेल्वेचा छंद असलेल्या आम्हा लोकांत त्याला एचओ स्केल म्हणतात. चेन्नईच्या पेरांबूरमधल्या रेल्वे कारखान्यातला, म्हणजे आयसीएफचा डबा साधारण २१.३ मीटर लांब असतो, म्हणून माझा साडेचोवीस सेंटिमीटर. बाजारात मिळतो तो तयार, निळ्या रंगातला स्लीपर. त्याचं छत उघडायचं, आतल्या बर्थ काढायच्या, रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून खरवडायचा आणि त्यातून डेक्कन क्वीनचा पासवाल्यांचा डबा घडवायचा, असा बेत होता. जुन्या डेक्कन क्वीनचा. २०२२ च्या जूनमध्ये एलएचबी हे नव्या बनावटीचे डबे लागले त्याआधीच्या.

"तयार डबा मिळतोय तर त्याला त्रास कशाला देता?" असं घरात विचारतात. तयार म्हणजे काय ते एकदा बघाच म्हणावं. खिडकीचे आडवे गज पारदर्शक प्लास्टिकवर करड्या शाईनं छापलेले. शेजारून बघितलं की गज गायब, आणि डबा मत्स्यालयासारखा दिसतो. डब्याखाली बॅटरीच्या पेट्या, पाण्याची टाकी, ब्रेकचा सिलिंडर असा सगळा संसार हवा. तिथे एक काळा ठोकळा चिकटवून मोकळे झालेत. आणि चाकं! आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ नं भागलं की सव्वाएकोणीस येतात. पण जगभरचे एचओचे रूळ साडेसोळाचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ च्या गेजवरून ठरलेत. त्यामुळे अंगानं भारतीय असलेला माझा डबा पायानं युरोपियन आहे. यावर इलाज नाही. म्हणजे आहे, पण तो करायला घेतला तर घरातले रूळसुद्धा उखडावे लागतील.

सामान बाहेरून मागवावं, तर कस्टम्सच्या पुस्तकात स्केल मॉडेल्स ९५०३ या मथळ्याखाली येतात. बाहुल्या, तीनचाकी सायकली आणि जिगसॉ पझल्स यांच्या पंगतीत. २०२० पर्यंत त्यावर २० टक्के मूळ आयातशुल्क होतं. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात ते ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. देशी खेळणी तगावीत हा हेतू असेल, त्याला माझी ना नाही. पण इथला कुठला कारखाना डब्याच्या छतावरचे व्हेंटिलेटर बनवतोय, की ज्याचं रक्षण माझ्या खिशातून चाललंय? म्हणून मग आम्ही लोक दुसऱ्यांच्या दुकानांत शिरतो. रंग काढायला कॉलेजजवळच्या केमिकलवाल्याकडे, गजांच्या तारेसाठी भंगारातल्या मोटारी सोडवणाऱ्याकडे, आणि बारीक चिमटे, झिरोचे ब्रश, नखं घासायचे स्पंज, हे सगळं घ्यायला रविवार पेठेत.

तर अंगठा.

"बोटाला नको. पट्टी नुसती द्या, एक मिलिमीटरची."

"कलर कुठला?"

"कुठलाही चालेल."

इथेच बिघडलं. त्या दुकानात हे वाक्य याआधी कुणी उच्चारलं नसावं. मुलीनं मान वर करून माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. नेलपॉलिशच्या दोन लालांत फरक काढणाऱ्या चार बायकांनीही बघितलं.

खरं कारण अगदी साधं आहे. आधी सगळ्या डब्यावर लाल फवारायचा. वाळला की पाहिजे तिथे बारीक पट्टी ताणून चिकटवायची. मग वरून क्रीम, खाली निळा. शेवटी पट्टी ओढून काढली की तिच्याखाली झाकलेला लाल तेवढा उरतो, सुरीनं कापल्यासारखा सरळ. पट्टी ही काढून टाकण्यासाठीच असते, मग ती जांभळी असो की सोनेरी. हे मी सांगितलं.

"म्हणजे लावायची आणि काढायची?" मुलगी म्हणाली.

"हो."

"मग लावायची कशाला?"

मी पिशवीतून डबा काढला. काढायला नको होता असं मी म्हणणार नाही. पट्टी कडेवरून वळते की नाही हे डब्यावर लावल्याशिवाय कळत नाही. पण डबा काउंटरवर टेकतो न टेकतो तोच शेजारच्या स्टुलावरून एक हात आला आणि डबा उचलला गेला. छताला धरून. डबा छताला धरून उचलायचा नसतो. छत नुसत्या खाचांवर बसलेलं असतं, आणि ते उघडता उघडता माझी आधीच दोन नखं गेली होती. त्या हातात ते कट्कन निघालं.

"अगंबाई, आत बाकंसुद्धा आहेत!"

काकू साठीच्या पुढच्या, भाचीच्या लग्नाच्या खरेदीला आलेल्या. भाचीच्या दहाही बोटांवर दहा नमुने वाळत होते, त्यामुळे त्यांना वेळ होता.

"ही कुठली गाडी?"

"डेक्कन क्वीन करायचीय."

"करायचीय म्हणजे? आहे की ती."

"जुनी. आधीची."

"मग आमची म्हणा ना!" आणि काकूंनी चष्मा लावला. "बावीस वर्षं केली मी. सकाळी सव्वासातला पुणं, संध्याकाळी पाच-दहाला व्हीटी."

"सीएसएमटी, मावशी," भाची म्हणाली.

"तुझी असेल."

यानंतर डब्याचा मालक कोण हा प्रश्न माझ्या हातात राहिला नाही. काकूंनी नाकासमोर धरून डब्याची दोन्ही टोकं तपासली. "पण ही तर झोपायची बाकं आहेत." मी म्हटलं, बदलणार आहे. "बदलाच. झोपायला कुणाला वेळ होता? मंत्रालयातली एक होती, ती लोणावळ्यापर्यंत अख्खी गवार निवडायची. तिला इथं बसवा. तिच्यासमोर बँकेतली. आणि ही माझी." नखानं त्यांनी तिसऱ्या खिडकीवर टकटक केलं. "खिडकीची. जाताना डावीकडची. घाट त्या बाजूनं दिसतो."

डब्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे अजून ठरलेलं नाही, हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

"गज कुठायत?"

"काढलेत. तांब्याच्या तारेचे बसवणार आहे."

"लवकर बसवा. मी छत्री कशाला अडकवणार?"

एव्हाना मागे रांग लागली होती. कुणीतरी मागून "मुलाचं खेळणं का?" असं विचारलं, आणि दुसरीनं "नातवाचं असेल" म्हणून माझ्या वतीनं उत्तर दिलं. काकूंनी तेवढ्यात मला जोखलं होतं. "तुम्ही त्या जोश्यांपैकी का हो? कोथरूडला छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे ते?" मी म्हटलं, नाही हो. ते संग्रहालय १९९८ पासून उभं आहे, तिथे गाड्या वेळेवर सुटतात. माझं सगळं एका पलंगाखाली मावतं. "मग घरच्यांना चालतं?" आवाजात अपार सहानुभूती. ती माझ्यासाठी नव्हती.

मग पट्टीचा विषय निघाला. पट्टी लाल, खिडक्यांच्या वर, यावर एकमत होतं. रुंदीवर मात्र दुकान फुटलं. काकूंच्या मते वीतभर. गल्ल्यावरचा मालक इतका वेळ नोटा मोजत होता, तो म्हणाला, "छे, छे, चार बोटं. मीपण जायचो. मस्जिद बंदरला, माल आणायला." काकू म्हणाल्या, तुम्ही महिन्यातून एकदा जाणार, ते पण डायनिंग कारमध्ये बसून टोस्ट खाणार, तुम्हाला काय दिसतंय? मालक म्हणाला, डब्यात चढणाराला पट्टी दिसतच नसते, दिसते ती फलाटावर उभ्या राहणाराला, आणि मी दर वेळी हमालाची वाट बघत फलाटावरच असायचो. मुद्दा बिनतोड होता. मी मनात हिशेब केला. वीत धरली तर अडीच मिलिमीटर, चार बोटं धरली तर एकच्या थोडं आत. काकूंच्या बाजूनं गेलो तर पट्टीचा दुसरा आकार लागणार होता, आणि तो या दुकानात नव्हता. मी मालकाच्या बाजूनं मत दिलं. काकूंनी छत परत दिलं, पण उलटं.

या सगळ्या वादात मुलगी स्वस्थ बसली नव्हती. पट्टी वळते का बघायचंय ना, म्हणून तिनं ती माझ्याच अंगठ्याच्या नखावर आडवी ताणून बसवली, कडा दाबल्या, आणि कुणी विचारलेलं नसताना वरून चकचकीत टॉपकोट फिरवला. "आता पंधरा दिवस हलणार नाही, काका." खरंच हलली नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत सही करताना काचेपलीकडच्या माणसानं सही बघितली, अंगठा बघितला आणि आधार कार्ड मागितलं. ॲसिटोन लावला असता तर निघाली असती, पण ॲसिटोन आमच्या घरात येऊ देत नाही. त्याचा एक थेंब प्लास्टिकच्या डब्यावर पडला तर डब्याचं भजं होतं.

"तर एक रोल द्या," मी म्हटलं.

"सुटी नाही मिळणार. तीस कलरचा सेट आहे."

मला एक रंग हवा होता आणि तोही कुठला हे महत्त्वाचं नव्हतं, हे मी परत सांगू लागलो. रांगेतून कुणीतरी उसासा टाकला. घेतला सेट. तिसांतले एकोणतीस माझ्या मरणानंतर निघतील. बाहेरच्या देशांत म्हणे हीच पट्टी सुट्या रोलात, मोजक्या मापात, मॉडेलच्या दुकानात टांगलेली असते आणि विकणारा माणूस विचारतो, कुठला डबा करताय? इथे विचारतात, कुठलं बोट. इथल्या मॉडेलवाल्याला आधी स्वतःच्या शहाणपणाचा दाखला द्यावा लागतो आणि मग पैसे. सत्तर टक्के वर.

निघताना काकूंनी हाक मारली. "अहो, मला बसवाल तेव्हा अबोली साडी. आणि आंबाडा. पोनीटेल नको."

आता अडचण अशी आहे की या मापाची बसलेली माणसं येतात जर्मनीहून, आणि त्यांत बायका असतात त्या कोट घातलेल्या. एकीच्या कोटावर पुट्टीचा पदर चढवून, मानेवर मोहरीएवढा आंबाडा लावून मी काकू तयार केल्या. अबोली तीन रंगांतून जुळवला, बरा जमलाय. पण तयार डब्यातली बाकं जमिनीला इतकी चिकटलेली असतात, की त्यांवर कुणाचेही पाय मावत नाहीत. इलाज एकच, तो सगळेच करतात: गुडघ्यांपासून खाली कटरनं उडवायचं. मंत्रालयातली झाली, बँकेतली झाली. काकू अजून कटिंग मॅटवर आहेत, आणि त्या दुकानात मला आता पुन्हा जायचंय, कारण ब्रश संपलेत.