सपाट म्हणता, त्या मराठवाड्यात गाडीखालच्या वाटा

“मराठवाडा म्हणजे सपाट, उघडंबोडकं रान. डोंगर, जंगल, दरी हवी असेल तर थेट हिमाचलातल्या स्पितीला जा. मोठी ॲडव्हेंचर बाइक घ्या, भर पावसात निघा. आणि जंगलात वाट दिसली की गाडी घाला, कोण विचारतंय?” हा मेसेज सध्या आमच्या सगळ्या रायडिंग ग्रुपांवर फिरतोय. त्यातला एकही मुद्दा मला पटलेला नाही.

आधी सपाटपणाचं बघू. कन्नड गावाच्या उत्तरेला जा. अजिंठ्याची डोंगररांग तिथं एकदम तुटते आणि खाली खानदेश पसरलेला दिसतो. औट्रम घाट तोच कडा उतरतो. आपला सगळा डोंगर लाव्हाच्या थरांचा. कठीण थर कड्यासारखा टिकतो, मऊ थर पाण्यानं झिजतो, म्हणून इथले ओढे पायऱ्यापायऱ्यांनी खाली येतात. वाघूर नदी अशीच सात कुंडांतून उतरली आणि तिनं कोरलेल्या, घोड्याच्या नालाच्या आकाराच्या दरीत अजिंठ्याची लेणी आहेत. लेणापूरच्या बाजूनं वर गेलं की ती दरी पायाखाली दिसते. बीडकडं बालाघाटची डोंगररांग आहे, सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खोल दरीत पडते. किनवट-माहूरला सागाचं जंगल आहे. याला कुणी उघडंबोडकं म्हणत असेल तर तो एप्रिलमध्ये हायवेनं गेला असणार.

मोठ्या गाडीचं थोडक्यात सांगतो. चढावर, सुट्या मुरमावर गाडी आडवी झाली तर एकट्याला उचलता आली पाहिजे. रॉयल एनफिल्डची हिमालयन ही ॲडव्हेंचर बाइक जवळपास 200 किलोची, स्प्लेंडर सव्वाशेच्याही आत. आमच्याकडं दुधाचे कॅन लावून लोक रोज ज्या वाटांनी जातात, त्या वाटांना लाखोंची गाडी लागत नाही.

भर पावसात मात्र खरंच निघू नका. मुरमाड माळावर गाडी चालेल, पण काळ्या रानात शिरलात की संपलं. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरला थरावर थर चिकटते, मडगार्डमध्ये ठासून बसते आणि चाकच फिरेनासं होतं. मग काडीनं चिखल उकरत बसायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात या: वाटा वाळलेल्या, ओढ्यांना पाणी, डोंगर अजून हिरवा.

आता “कोण विचारतंय”. मला खरी चीड याचीच आहे. कन्नडजवळचं गौताळ्याचं जंगल 1986 पासून अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 27 नुसार तिथं विनापरवाना शिरता येत नाही, आणि राखीव वनात घुसणं भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी उतारावर टायरनं पाडलेली एक चाकोरी पुढच्या पावसात पाण्याची वाट होते. पाणी तिथूनच धावतं, माती नेतं, दोन-तीन पावसाळ्यांत घळ पडते. फेब्रुवारीनंतर गवत वाळतं. तापलेला सायलेन्सर त्याला टेकला तर डोंगर पेटायला वेळ लागत नाही. आणि वणवा विझवायला झाडाच्या फांद्या घेऊन पायथ्याच्या गावातली माणसं धावतात, रायडर तोवर घरी पोचलेला असतो.

मग गाडी घालायची कुठं? गाडवाटांवर म्हणजे बैलगाडीच्या वाटांवर, शेतांमधून जाणाऱ्या पांदणींवर, गावांच्या शिवेवरच्या शिवरस्त्यांवर. गावच्या महसुली नकाशात गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवलेला असतो, पायमार्ग एका तुटक रेषेनं. दोन रेषांची वाट धरा, एका रेषेची सोडा. नकाशावर वाट असली तरी जाग्यावर ती कुणाच्या तरी बांधालगत, गोठ्यासमोरून जाते. म्हणून आधी गावातल्या पारावर गाडी बंद करा, हेल्मेट काढा आणि विचारा. कुणीतरी म्हातारबाबा सांगतातच, “खालच्या अंगानं जा बाबा, वरच्या पट्टीत ज्वारी नुकतीच उगवलीय.”