परसात दुसरे घर बांधू इच्छिणाऱ्यांसाठी हिताच्या चार गोष्टी

मुंबईच्या एखाद्या गावठाणात आपली वडिलोपार्जित जागा असेल, तिच्या पुढच्या भागात जुने कौलारू घर असेल आणि धाकट्या मुलाच्या लग्नाआधी मागच्या परसात त्याच्यासाठी दोन खोल्यांचे वेगळे घर बांधावे असे आपल्या मनात आले असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. मात्र लग्नाची तारीख इतक्यात ठरवू नये. मी ठरवली. गेल्या मंगळवारी बांधकाम परवानगीची माझी फाइल महानगरपालिकेतून चौथ्यांदा परत आली, आणि या अनुभवाचा लाभ इतरांनाही व्हावा या निर्मळ हेतूने पुढील उपदेश करीत आहे.

जागा मोजण्याआधी माणसे मोजावीत. आमचे आजोबा 1987 साली गेले. परंतु प्रॉपर्टी कार्डानुसार ते आजही परसातल्या शेवग्याला पाणी घालीत आहेत. त्यांना कागदोपत्री निरोप देण्यासाठी वारस नोंद करावी लागते आणि तिच्यासाठी दोन आत्या, त्यांची मुले व आखातातला एक चुलतभाऊ अशा सर्वांची संमती लागते. विरारच्या आत्येने सही करण्यापूर्वी 1974 सालच्या पाटल्यांचा विषय काढला. त्याचे उत्तर आपण आधीच तयार ठेवावे.

यानंतर हिशेबाकडे वळावे, म्हणजे तो करू नये. उपनगरात मूळ चटईक्षेत्र निर्देशांक 1 आहे, म्हणजे जागा जेवढी तेवढेच बांधकाम. जागा 179 चौरस मीटर, जुने घर 82, म्हणून 97 चौरस मीटर शिल्लक, असे शाळेत वजाबाकी शिकलेल्या माणसाला वाटते. त्या 97 मीटरांना ‘मोकळी जागा’ आणि ‘पोहोच रस्ता’ ही वाटा मागणारी दोन जुळी भावंडे आहेत, हे शाळेत शिकवीत नाहीत.

जुने घर बेकायदा नाही हेही आपणच सिद्ध करावयाचे असते. राहते घर 17 एप्रिल 1964 पूर्वीचे असल्याचा पुरावा द्यावा लागतो. आजीने पत्र्याच्या ट्रंकेत नऊवारीच्या घडीत जपलेली 1961 सालची घरपट्टीची पावती मी कोऱ्या पाकिटात घालून नेली. समोरच्या गृहस्थांनी ती ट्यूबलाइटपुढे धरून पाहिली, तिची घडीवरची फाटलेली कड बोटाने चाचपली आणि विचारले, “याची साक्षांकित प्रत नाही का?” मूळ पावती हातात धरून प्रत मागण्याइतका संयम आपल्या अंगी बाणावा.

मुंबईत बांधकामाच्या वाटेवर मिळणाऱ्या पहिल्या मंजुरीचे नाव ऐकून दचकू नये. 1888 च्या महानगरपालिका कायद्याच्या कलम 346 खाली जो कागद निघतो त्याला ‘इंटिमेशन ऑफ डिसॲप्रूव्हल’, म्हणजे नापसंतीची सूचना असे म्हणतात, आणि तो हाती पडला की पेढे वाटायचे असतात. माझी मजल अजून नापसंतीपर्यंतही गेलेली नाही.

60 दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे समजावे, असे 1966 चा नगररचना कायदा म्हणतो. म्हणून उत्तर एकोणसाठाव्या दिवशी येते.

आता रस्त्याविषयी. आमच्या गल्लीची रुंदी मोजायला दोघे जण आले होते. एकाने टेपचे टोक शेजाऱ्यांच्या ओट्याला लावले, दुसऱ्याने आमच्या जास्वंदीच्या कुंडीपर्यंत आणले आणि आकडा वाचला: 2.7 मीटर. रस्ता अरुंद आहे, असा शेरा पडला. ही गल्ली बैलगाडीसाठी पाडलेली आहे. ती पाडली तेव्हा इथे महानगरपालिका नव्हती, अग्निशमन दलाचा बंब नव्हता आणि रुंदीचा शेरा लिहिणारा हातही नव्हता. गल्ली रुंद करायची तर शेजाऱ्यांची भिंत किंवा आमची पडवी पाडावी लागेल, आणि मग पुढचेच घर उरणार नाही, तर मागच्या घराची परवानगी मागायला आम्ही राहायचे कुठे? हाच प्रश्न मी खिडकीपाशी विचारला तेव्हा मला, “नियम सगळ्यांना सारखा आहे,” असे सांगण्यात आले. सारखा आहे? गल्लीच्या तोंडाशी 22 मजली टॉवर उभा राहतो आहे, त्याच्या बाजूला सोडायची मोकळी जागा कमी पडते आणि ती ‘कमतरता’ अधिमूल्य, म्हणजे जादा शुल्क, भरून क्षमापित, म्हणजे माफ, होते. नियमावलीत तशी सोय आहे, म्हणजे तेही कायदेशीरच. हवा आणि उजेड कमी पडला तर त्याची भरपाई चलनाने होते, हे विज्ञान फक्त उंच इमारतींना लागू पडते. आमच्या दोन खोल्यांना हवा पैशाने मिळत नाही, कारण भरण्याइतके पैसे आमच्याकडे नाहीत.

राहिला शेवटचा उपाय: जोडून सुट्ट्या आल्या की रात्रीतून पत्रे टाकावेत.

तसे चार जणांनी मला सुचवले आहे, आणि त्यांपैकी दोघांची घरे तशीच उभी आहेत. मी ते केले नाही, रांगेत उभा राहिलो, आणि मूर्ख ठरलो. गल्ली अरुंद असेल तर आग लागल्यावर बंब येणार नाही, हे मला पटते. ते पहिल्याच दिवशी का नाही सांगितले? पहिल्या खेपेला वारस, दुसऱ्या खेपेला पावती, तिसऱ्या खेपेला नकाशावरची सही आणि आठ महिन्यांनंतर चौथ्या खेपेला गल्ली! चारही त्रुटी पहिल्या दिवसापासून त्याच फाइलमध्ये होत्या. ती उघडून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा पगार आपल्याला मिळतो, साहेब. गावठाणांसाठी वेगळी नियमावली येणार हे आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. ती येईपर्यंत, आमच्यासारख्या जागेवर काय बांधता येते आणि काय नाही, एवढे तरी एका पानावर मराठीत लिहून भिंतीला लावा. नाही म्हणायचे असेल तर एकदाच, सरळ नाही म्हणा.

लग्न मार्गशीर्षात आहे. मुलगा आणि सूनबाई पुढच्या पडवीत पडदा लावून राहतील. पडद्यालाही काही लागत असेल, तर तेवढे आत्ताच सांगून टाका.