स्लर्ममध्ये ‘नेहमी सात दिवस लिहा’ हा सल्ला बंद करा

काल रात्री भाचीने एक मेसेज पुढे पाठवला. ‘मामा, हे खरं आहे ना? आमच्या लॅबमध्ये सगळे असंच करतात.’ विषय स्लर्मचा, म्हणजे अनेकांच्या सामायिक क्लस्टरवर (जोडलेल्या संगणकांवर) कुणाचं काम, म्हणजे जॉब, कधी चालवायचं हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. पीबीएस आणि कॉन्डर हीही तसलीच. मेसेजमधले दावे असे: स्लर्म जुनाट झालं, आता कुबरनेटिसच सगळं करतं, पीबीएस विकतच घ्यावं लागतं, कॉन्डर संपलं, आणि जॉब टाकताना वेळ कायम कमाल मर्यादेएवढा, म्हणजे सात दिवस, लिहा, म्हणजे जॉब मध्येच किल होत नाही.

शेवटचा दावा आधी घेतो, कारण त्याने रोज नुकसान होतंय. भाचीचा जॉब दोन नोडचा (नोड म्हणजे क्लस्टरमधला एक संगणक), चालतो जेमतेम तीन तास. लिहिलेत सात दिवस! मग दीड दिवस पेंडिंग, पुढे कंसात ‘प्रायॉरिटी’, म्हणजे जास्त प्राधान्याचे जॉब रांगेत पुढे आहेत. समजा, रांगेत पहिला सोळा नोडचा जॉब आहे आणि त्याचे सगळे नोड मोकळे व्हायला अजून पाच तास आहेत. तोवर चार नोड नुसते पडून आहेत. तीन तासांचा जॉब तिथे सहज उरकतो, पुढच्याला धक्काही लागत नाही. यालाच बॅकफिल म्हणतात. पण तुमच्या मनातले तीन तास स्लर्मला कसे कळणार? त्याला सात दिवस दिसतात. बॅकफिल नीट चालायला वेळमर्यादा बऱ्यापैकी अचूक हवी, हे स्लर्मच्या अधिकृत माहितीतच लिहिलेलं आहे. तेवढं तरी वाचा. सगळ्यांनीच सात दिवस लिहिले तर त्या फटीत बसणारा कुणी उरतच नाही.

वेळ संपली की जॉब किल होतो, हे मात्र खरं. म्हणून आधीच्या जॉबना किती वेळ लागला ते पाहा, त्याच्या दीडपट लिहा, चेकपॉइंट ठेवा, म्हणजे मधली स्थिती जतन करत राहा.

कुबरनेटिस, म्हणजे कंटेनरमधले प्रोग्राम अनेक संगणकांवर चालवणारी यंत्रणा, गूगलने 2014 मध्ये खुलं केलं, ते मुख्यतः सतत चालणाऱ्या सेवांसाठी. सोळा नोडच्या एमपीआय जॉबला, म्हणजे नोडनोडवरचे भाग एकमेकांशी बोलत चालणाऱ्या कामाला, सोळाही नोड एकदम लागतात. कुबरनेटिसचा नेहमीचा शेड्यूलर पॉड (कामाचे सुटे तुकडे) एकेक करून बसवत आलाय. निम्मे बसले, निम्मे ताटकळले की बसलेलेही नोड अडवून ठेवतात. व्हॉल्केनोसारख्या बॅच शेड्यूलरची जोड दिली की हे सुधारतं, मान्य. पण अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेचा फ्रंटियर महासंगणक आजही स्लर्मवरच चालतो.

पीबीएस प्रो विकत मिळतं, हे अर्धं खरं. ऑल्टेअरने 2016 मध्येच त्याचा कोड खुला केला, ओपनपीबीएस तेच. आणि ‘संपलेल्या’ कॉन्डरवर सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेचे बॅच जॉब चालतात.

भाचीने जुने जॉब तपासले. सगळ्यात लांबलेला तीन तास चाळीस मिनिटांचा निघाला. आता ती सहा तास लिहिते. लॅबच्या ग्रुपवर हा मेसेज ज्याने टाकला, त्याने तो आजच काढावा.